मांजराच्या मागे एक

पुंता अरेनासमध्ये वारा तारा तोडतो
तेव्हा आधी दिवे जात नाहीत,
आधी जातो आमचा पाचवा भिडू.
त्या रात्री तो गेला
रँकच्या सामन्याला दीड मिनिट उरलं असताना.

हेराल्दोला डायमंडसाठी बारा गुण कमी होते.
बारा. टेबलाच्या कडेवर
पेन्सिलीने लिहून ठेवलेले,
उधारी लिहावी तसे.
मनगटाला पट्टा, पायांत दोन दोन मोजे,
आणि सर्व्हर इतका लांब
की गोळी आज झाडली तर परवा पोचते,
असं तोच म्हणतो.
हसत मात्र नाही.

"यास्नाला घे," मी म्हटलं.
दुसरं कोणी जागं नव्हतं.

यास्ना माझी मावसबहीण.
मासळीच्या कारखान्यात सॅमनचे काटे काढते,
सुट्टीच्या रात्री खेळते,
एका हातात कडू हिरव्या चहाचा पेला.
"रँक दिसते कुठे?" असं तिने मला एकदा विचारलं होतं.
मी मधला. चार वर्षं सिल्व्हर.
जिंकलो तर बरं वाटतं,
हरलो तर भूक लागते.

आमच्यात प्रत्येक कोपऱ्याला नाव असतं,
लांबी, नळ, ढोली, उलटी गल्ली,
अर्ध्या श्वासात उरकणारी नावं.
यास्नाच्या कानांवरून ती कधी गेलेलीच नाहीत.
"कुठून येतोय? जागा सांग, जागा!"
"ते वाळत घातलेले कपडे आहेत ना,
तिथे ते मांजर बसतं बघ,
त्याच्या मागून एक जण..."
एवढं होईपर्यंत हेराल्दो मेलेला.

"कसलं मांजर?"
"पिवळं."
"या नकाशात मांजर नाही."
"आहे."

तेरा-अकरा. हरलो.
धाकट्या भावंडाला खेळात घेतात
आणि बाद धरत नाहीत,
तसं मी तिला धरलं होतं, लिंबूटिंबू.
पण इथे लिंबूटिंबूची चूकही मोजतात
आणि गुण कापतात दुसऱ्याचे.

हेराल्दोने हेडफोन काढले.
आपटले नाहीत, ठेवले. ते जास्त वाईट.
"तुम्हाला हे म्हणजे
बागेतली चक्कर वाटते."
"मग काय वाटायला हवं?" यास्ना म्हणाली.
खरंच विचारत होती.
त्याला उत्तर माहीत असावं,
पण ते ओठांवर येईपर्यंत
तिने समोरच्यांना 'छान खेळलात' लिहिलं
आणि किटली बंद करायला उठून गेली.

तीन वाजता पाणी प्यायला उठलो.
यादीत हेराल्दोचा ठिपका हिरवा.
सरावाचा नकाशा, एकटाच.
गुपचूप बघायला शिरलो.
ज्या भिंतीला तो दोन हजार तास
'अकरा पावलं, मग डावीकडे' म्हणून ओळखत आला
तिच्यासमोर उभा होता,
बंदूक खाली.
वर दोरीवर चादरी, एक लाल झगा,
आणि खिडकीच्या कठड्यावर ते.
पिवळंच.

बराच वेळ काही हललं नाही.
मग त्याच्या माइकमधून टकटक आली,
बोटाची, टेबलावर,
एक, दोन, तीन, चार, शेपटी.
एक, दोन, तीन, चार, शेपटी.
मोजल्याशिवाय त्याला बघता येत नाही,
किंवा हेच त्याचं बघणं.
मी पाणी न पिताच झोपलो.

शुक्रवारी तार जोडली, जुना भिडू आला.
तिसऱ्या फेरीत हेराल्दो ओरडला,
"मांजराच्या मागे एक!"
"कसलं मांजर?" जुना भिडू म्हणाला,
आणि मेला.

मला हसू आवरेना.
हेराल्दो म्हणाला, खेळाकडे लक्ष दे.

रविवारी यास्ना माझ्याकडे आली,
पेला माउसच्या शेजारी ठेवला,
खुर्ची पुढे ओढली.
"बारा गुण म्हणजे," ती म्हणाली,
"साधारण किती?"
मी सांगत होतो, सामने, टक्के, काहीबाही.
तिचे दोन्ही हात टेबलावर होते.
चहा तसाच निवला.