चौदा महिने गप्प

सोमवारी पहाटे तीन ते पाच प्रणाली बंद राहील.
त्यानंतर सगळं सोपं होईल,
असं कंपनीच्या पत्रात लिहिलंय.

लिएक्सा गावातल्या दगडी चुलींच्या दुकानात
राइली कार्ना ते पत्र दुसऱ्यांदा वाचते.
तीन वाजताच बाहेर अंधार,
पिएलिनेन तळ्यावर साय धरावी तसा पहिला बर्फ.

नवीन काय?
एकाच माणसाच्या दोन नोंदी आपोआप एक होतील.
प्रत्येक नावापुढे ठिपका येईल: हिरवा, पिवळा, लाल.
चौदा महिने ज्याचा फोन नाही, पत्र नाही
तो निद्रिस्त धरला जाईल
आणि यादीत खाली जाईल,
बोट दुखेपर्यंत सरकवलं तरी दिसणार नाही इतका खाली.
‘इतर’ हा रकाना काढून टाकत आहोत.
आमच्या पाहणीनुसार तो कुणी वापरत नाही.

राइली चष्मा पुसते.
एकोणीस वर्षं ती फक्त ‘इतर’मध्येच लिहीत आलीय.

*तिक्का, पाव्हो. मागच्या दारानं जा. कुत्रा भुंकतो, पण दात नाहीत.*

*लेस्किनेन. बायको मार्चमध्ये गेली.
बिल एप्रिलअखेर पाठव, तिचं नाव काढून.*

*कोक्को, वेइयो. धूर कोंडतो म्हणतो. कोंडत नाही.
कॉफी घे, अर्धा तास बस, मग ये.*

आणि चौदा महिने!
हे ज्यानं ठरवलं
त्याच्या घरी भिंतीतून गरम पाण्याचे नळ जात असणार.
दगडाची चूल माणूस एकदाच घेतो.
ती नीट पेटते, रात्रभर ऊब धरते,
आणि विकणाऱ्याची आठवणसुद्धा येऊ देत नाही.
इथं ज्याचा फोन येतो, त्याचं काहीतरी तडकलेलं असतं.
गप्प आहे तो सुखात आहे.
इथली माणसं मूग गिळून बसत नाहीत,
त्यांना बोलायचंच नसतं.

हेलसिंकीचा एमिल पडद्यावरून समजावतो:
ठिपका लाल झाला की एक प्रेमळ संदेश आपोआप जाईल.
‘तुमची आठवण येते.’
राइली विचारते, कुणाला?
एमिल हसतो. त्याला वाटतं, विनोद केला.

शुक्रवारी ती फोन घेऊन बसते.
सहाशे बारा निद्रिस्त. तिक्कापासून सुरुवात.

काय झालं?
काही नाही.
चूल चालू आहे.
बरं.
(इथं एक मिनिट कुणीच बोलत नाही.
मागं लाकूड तडतडतं, ते दोघं ऐकतात.)
कुत्रा गेला, पाव्हो म्हणतो.
बरं, राइली म्हणते, आणि ‘इतर’मध्ये लिहिते,
अजून अडीच दिवस आहेत तोवर.

संध्याकाळपर्यंत एकवीस माणसं जागी झाली.
ओस्मो दिवे मालवायला येतो, कोट घालून उभा राहतो,
काही न बोलता दुसरा फोन उचलतो.
मग तेहेतीस.

सोमवारी सगळं सोपं झालं.
ठिपके उगवले होते, देवी आल्यासारखे.
हिल्या राउतियाइनेन, एक.
शुक्रवारपर्यंत त्या दोन होत्या:
आत्या आणि भाची, एकच रस्ता, एकच नाव,
सरपणाच्या एका ढिगावरून नऊ वर्षं अबोला.
यंत्रानं त्यांना पहाटे एका चुलीपाशी बसवलं,
न विचारता.

आत्याच्या चुलीची काच बसवायची होती.
राइली नंबर फिरवते. उचलते भाची.

ती माझ्याकडे नसते.
माहीत आहे. चूक झाली. ठेवते.

पण पलीकडून फोन ठेवला जात नाही.
श्वास ऐकू येतो, एक दार लागतं,
भांड्यात पळी फिरून थांबते.

तिची काच फुटली का?
तडा गेलाय.
कधी?
सप्टेंबरात.

पुन्हा शांतता, चांगली लांब.
आणि फोन बंद.

राइली हे लिहायला
रकाना शोधते.