तीळ

त्लाकोलुलाच्या सरकारी दवाखान्यात
मी डोळ्यांच्या आतले फोटो काढते.
थेंब घालते, वीस मिनिटं बाकावर बसवते,
मग म्हणते, हनुवटी इथे टेकवा, हलू नका.
प्रत्येकाच्या आत एक केशरी चंद्र असतो.
पंधरा वर्षं बघतेय,
तरी बटण दाबण्याआधी जरा थांबायला होतंच.

एलेउतेरियो आला तो पिठाचा वास घेऊन,
पहाटेची भट्टी उरकून, बिनझोपेचा.
एकोणतीस वर्षं रात्रीचा पाव.
म्हणाला, पाठ कधी तांबूस झाली ते आताशा दिसत नाही.
काल दोन घाणे करपले.
मुलगा काही बोलला नाही,
तेच जास्त लागलं.

पडद्यावर त्याचा उजवा चंद्र आला.
सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके,
आणि मध्याच्या जवळ पिवळसर कण, कुणी भुरभुरल्यासारखे.
तो पुढे वाकला. निरखून म्हणाला,
"हे तर तीळ.
मीच टाकतो रोज."

डॉक्टर ओतिलियाने विचारलं, रात्री काय खाता?
दोन वाजता पहिला पाव, बलकाचा, गरम,
चॉकलेटात बुडवून. वर कोला, डोळा लागू नये म्हणून.
सकाळी?
सकाळी झोपतो.
संध्याकाळी?
संध्याकाळी उठतो.

तिने कागदावर काही काढलं नाही, नुसतं सांगितलं:
पोटातही कामगार असतात, एलेउतेरियो,
दिवस मावळला की त्यांचे हात जड होतात.
तुम्ही दोन वाजता साखरेची गाडी आणून दार ठोठावता.
आतला झोपेत चाचपडतो, किल्ली सापडत नाही.
साखर रस्त्यावरच उभी राहते
आणि अशी रोज उभी राहिली की
भिंती खचवते,
आधी अरुंद गल्ल्यांच्या.
तुमच्या सगळ्यात अरुंद गल्ल्या डोळ्यांत आहेत.

"मग गावाला सकाळी पाव कोण देणार?"
तुम्हीच. फक्त तेव्हा खाऊ नका.
जे गेलं ते येईलच असं नाही. उरलंय ते धरून ठेवू.

(माझ्या खणात बिस्किटं असतात. रांग संपेस्तोवर चार वाजतात,
तोवर मीही तीच खाते. हे मी तिथे बोलले नाही.)

आता फिलेमोना त्याला सहाला जेवायला वाढते,
उजेडात: काळ्या शेंगांची उसळ, भाजलेलं निवडुंगाचं पान,
आणि घोळ,
तीच, बांधावर आपोआप माजणारी,
आंबूस, मांसल, कुणी न पेरलेली.
बलकाचा पाव रविवारी, एक, दुपारी.

"भुकेचं काही नाही," तो सांगत होता,
"चार दिवस कावळे ओरडले, मग उडून गेले.
हातांचं कठीण.
दोन वाजले की हात आपसूक पहिला पाव मोडतात.
मोडतो. वाफ बघतो. मुलाला देतो.
बाकीचे उलटे करून बोटाने वाजवतो,
पोकळ वाजला की झाला.
हे वडिलांचं.
शेवटी शेवटी ते म्हणायचे, मी कानाने भाजतो.
लांबून लोक बघायला यायचे.
आम्हाला वाटायचं, कसब आहे."

मग तो बराच वेळ गप्प राहिला.
थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या,
दारातलं ऊन त्याला सोसवेना.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.
मी लाल ठिपके मोजले. आधी एकोणीस होते.
आता अठरा, की एक पापणीच्या सावलीत?
पुन्हा मोजले. वाढले नव्हते, एवढं नक्की.

जाताना कागदात गुंडाळलेला पाव माझ्या टेबलावर ठेवला.
वर एकही तीळ नव्हता.
"आत्ताच खा," म्हणाला, "बारा वाजलेत, ऊन आहे तोवर."
खाल्ला.
एका कडेला करपला होता.
मीही काही बोलले नाही.