शिसपेन्सिल

संमतिपत्र मी आधी मोठ्यानं वाचायचे,
मग शेवंताक्का म्हणायच्या, "आता माणसासारखं सांग."
मग सांगायचे:
बोटाला एक टोचणी, रक्ताचे दोन थेंब,
खिडकीच्या कठड्यावरची धूळ ओल्या फडक्यानं, एकदाच, आडवी,
आणि पोरानं दीड तास आगाशे मॅडमपुढं बसून
ठोकळे रचायचे, आकडे उलटे म्हणायचे.
"उलटे कशाला? सुलटेच येत नाहीत अजून."

काशेवाडीतली एकशे बारा घरं.
गळ्यात ओळखपत्र, फोटोखाली छापलेलं : वस्ती संशोधक.
सासूनं ते हातात धरून बघितलं. म्हणाली,
इथं शोधायचं काय राहिलंय,
सगळं तर उघड्यावरच आहे.

हळद सुटी की पुड्यातली?
काजळ घरचं की विकतचं?
भांड्यांना कल्हई कधी केली?
घरात कोण काय काम करतं,
आणि ते काम अंगावरून किती घरात येतं?
हा शेवटचा प्रश्न शमीमनं घालायला लावला.
मूळ कागद ज्यांनी लिहिला
त्यांच्याकडं कामाचे कपडे कामावरच राहत असावेत.

रिपोर्ट आधी आमच्या हातात, मग तुमच्या परिषदेत,
हेही शमीमचंच.
मंडळाच्या गाळ्यात, ढोलांना टेकून बसलेल्या बायकांनी
ते तीनदा वदवून घेतलं.
मॅडमनी भिंतीवर मेंदू दाखवला.
कॅल्शियमची जागा असते, म्हणाल्या,
तिथं शिसं जाऊन बसतं.
"म्हणजे दुसऱ्याच्या सीटवर बिनतिकिटाचा,"
शेवंताक्का म्हणाल्या.
हसलो सगळ्या,
आणि मग एकेकीनं आपापलं पोर जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी तीन आयांनी
दप्तरातल्या शिसपेन्सिली काढून पत्र्यावर फेकल्या.
मी दारोदार :
अहो, त्यात शिसं नसतं, नुसतं नाव राहिलंय.
"मग नाव बदला की."
कुणाला सांगू बदलायला?
पेन्सिलीच्या नावात आहे आणि पेन्सिलीत नाही,
लहूच्या शर्टाच्या नावात नाही
आणि शर्टात आहे.

लहू खिलारे, नाना पेठेत जुन्या बॅटऱ्या फोडतो.
मुलगी ईश्वरी, वय सहा, पाकिटातला आकडा एकोणीस.
किती असायला पाहिजे होता?
शून्यच बरा, मॅडम म्हणाल्या.
"एकोणीस म्हणजे पोरीचं डोकं किती गेलं?"
तसं एका मुलावरून सांगता येत नाही हो,
शंभर मुलं घेतली तर सांगता येतं.
"माझी एकच आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात ठेवला.
बाहेर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न दाबून धरला होता.

आता शर्ट दाराबाहेरच्या झाकणाच्या बादलीत,
मग मोरी, मग साबण, मगच लेक.
पूर्वी ती गल्लीच्या तोंडापर्यंत पळायची
आणि त्याच्या पोटात डोकं खुपसायची.
पहिले आठ दिवस तिला वाटलं, बाबा रागावलाय.
मग तिनंच खेळ काढला,
मोरीच्या पडद्याबाहेर उभी राहून तांबे मोजते.
नऊ. दहा. अकरा. चौदा.
थांबते. भिंतीकडं बघते.
आत पाणीही थांबतं.
अकरा, ती पुन्हा म्हणते. बारा.

परवा मी धुळीचं फडकं घेऊन त्यांच्याकडं गेले होते.
बादलीच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला,
पाणी पडल्याचा नाही.
पुन्हा घासला. पुन्हा.
रिकामेच तांबे ओतत होता लहू,
तेरा यायची वाट बघत.

आमच्या तक्त्यात याला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलंय,
पेन्सिलीनं.