दोन धोबी

साडेपाचला कडोलीच्या वेशीत कुत्रं भुंकतं,
एकदाच, हजेरी घेतल्यासारखं.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची हजेरी मांडली
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, काळ्या भुकटीत, करकरत्या पंख्याखाली.
आता एक वही आहे, दोनशे पानी,
आणि धाकट्या भावानं टाकून दिलेली दुर्बीण,
जिची डावी काच जराशी धुकट.
डावीकडची पाखरं मला नेहमी पहाटेतली वाटतात.

पोहायला शिकले छप्पन्नाव्या वर्षी.
भरमा पावल्यांच्या विहिरीत,
लेकाची जुनी ट्रॅकपँट घालून,
पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून.
काठावर नीलव्वा, सत्तरीची, कासोटा घट्ट:
"ओंदु, एरडु. ओंदु, एरडु."
मी पाय मारायची मराठीत.
बटाट्याच्या रानातून कुणीतरी ओरडलं,
"काय करूलालीस गो, ह्या वयात?"
म्हटलं, बुडूलालोय.
चौथ्या महिन्यात ओंडका सुटला.
कुणी सोडला ते नीलव्वा अजून सांगत नाही.

पाखरांची नावंही मी तिलाच विचारायची.
कठड्यावर काळंपांढरं, शेपटी उभी, गळा सुरेल.
"मडिवाळ," ती म्हणाली. म्हणजे धोबी.
मी लिहिलं: धोबी. तारीख, वेळ, वारा कुठला.
दोन वर्षं लिहीत राहिले.
मग एका सकाळी मार्कंडेयच्या बंधाऱ्यावर
ओल्या दगडावर शेपटी आपटत, खाली, वर, खाली,
खरा धोबी. आमचा. मराठीतला.
आणि तिचा धोबी म्हणजे
आपला दयाळ.

एकशे चौदा चुकीचे धोबी, माझ्याच अक्षरात!
मी खोडरबर शोधायला लागले.
नीलव्वा हसली, ठसका लागेपर्यंत:
"तुमच्यात तो धुतो, आमच्यात हा.
दोघांनी मिळून एक तरी लुगडं धुतलंय का, ते लिही."
खोडलं नाही.
समासात फक्त 'नी.' लिहिलं, एकशे चौदा वेळा.
दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

रविवारी सायकल. देवरवाडीचा चढ.
वैजनाथाचा डोंगर समोर आला की फोन थरथरतो,
महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणतो.
मी उभ्यानं पायडल मारत असते, जीव तोंडाशी,
स्वागत घ्यायला हात मोकळा नसतो.
वर पोचून शेंगदाणे, गूळ, बाटलीतलं कोमट पाणी.
गुडघा डावा कुरकुरतो. दुर्बिणीसारखाच, डावा.

एका समारंभात पाहुणे म्हणाले, पाखरांना सीमा नसते.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं.
पण त्यांनी दयाळ पाहिलेला नसावा.
फेब्रुवारीपासून तो माझ्या स्कूटीच्या आरशाशी भांडतोय.
हा कठडा, ही शेवग्याची फांदी,
पंपाच्या खोलीचं छप्पर, मोसंबीचं वठलेलं झाड,
इथवर माझं.
त्याला सगळं पाठ आहे.
आरशातलाही तितकाच हट्टी, नेमका तितकाच.
काल काचेवर रक्ताचा ठिपका होता, मोहरीएवढा.

नीलव्वा काही बोलली नाही.
घरी गेली, नातवाचा शाळेचा मोजा घेऊन आली,
आरशावर चढवला, वर रबर बांधलं.
दयाळ उतरला. मोज्याकडे एका डोळ्यानं पाहिलं,
मग दुसऱ्या.
शेवग्यावर जाऊन बसला आणि अर्धा तास
जिंकल्यासारखी शीळ घालत राहिला.
आम्ही पाण्यात उताण्या, कान बुडवून,
म्हणजे त्यातलं काहीच ऐकू न येता.

केस ओले ठेवूनच निघाले.
काकतीच्या फाट्यापर्यंत ध्यानात आलं नाही
मागून ट्रक का कोकलतोय ते.
आरशात बघितलं:
निळा मोजा, टाचेला भोक,
आणि भोकातून
अंगठ्याएवढा
कडोलीचा रस्ता.