एक हजार चोवीस दारं

मंगळवारपासून तक्रारी.
दवाखान्यातून मामोथुसी: "रक्ताचे रिपोर्ट उघडत नाहीत गं."
शाळेतून मास्तर, आवाजात निकालाची घाई.
लोकरीच्या गोदामातून कोणी आधी नुसताच खोकतो,
मग म्हणतो, "नाकारलं म्हणतंय. मलाच का नाकारलं?"

मोखोतलोंगहून खाली जायची वाट एकच,
घाटात बर्फ पडला की तीही नाही.
हेही तसंच. सगळ्या गावाचं इंटरनेट
एका प्रॉक्सीतून जातं,
पोस्टाच्या मागच्या खोलीत
बटाट्याच्या पोत्यांशेजारी घरघरणारा एक खोका.
त्याची राखण माझ्याकडे.

केबल काढली, लावली.
खोका बंद केला, वीस मोजले, चालू केला.
अर्धा तास बरा चालला, मग ये रे माझ्या मागल्या.
ताटलीवरचा बर्फ केरसुणीने झाडला,
शिडीवर बोटांची लाकडं झाली.
राजधानीतल्या कंपनीला फोन केला,
त्यांनी कानांवर हात ठेवले: आमच्याकडून सगळं ठीक.
घड्याळ पाहिलं. डिस्क पाहिली.
नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर पाहिला,
तो बापडा विचाराल त्याचं उत्तर देत होता.

शेवटी लॉग.
तो उघडायचं मी टाळते.
अख्ख्या गावाने रात्री काय काय विचारलं
हे एका बाईला ठाऊक असू नये.
कोणी घोड्याच्या पोटदुखीवर औषध शोधतो,
कोणी डर्बनचं बसभाडं, जायचं फक्त, परतीचं नाही.
"सात आठवडे, मळमळ", मुलींच्या वसतिगृहातून, पहाटे तीन.
मी भराभर खाली सरकते,
उघड्या दारावरून जाताना मान वळवावी तशी.

मग एक ओळ. पुन्हा तीच. पुन्हा.
वाचनालय, यंत्र क्रमांक चार.
खाणकामगारांच्या भरपाईची यादी.
पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाही, मुदत संपली.
एकेक विनंती एकेक दार अडवून,
एक हजार चोवीस दारं,
आणि सगळ्यांत एकच माणूस उभा.

वाचनालयात चार नंबरसमोर कोणी नव्हतं.
एफ-पाचच्या बटणावर नदीतला दगड,
गुळगुळीत, बरोबर मापाचा.
निवडून आणलेला.

न्ताते सेआबाता दुपारी आले, मेंढ्या आत घालून,
घोंगडी खांद्यावर, श्वासात शिट्टी.
"बोट दुखतं," म्हणाले,
"आणि मी गेलो, तेवढ्यात नाव आलं तर?"
एकवीस वर्षं होते जमिनीखाली.
तिथेही रांग असायची, पाळण्याची, वर यायला.
जागा सोडली की गेली.

रागावणार होते मी. वाक्य तयार होतं.

परत येऊन मर्यादा घातली:
एका यंत्राला बारा दारं, तेरावं नाही.
आणि चार ओळी लिहिल्या,
दर दहा मिनिटांनी खोकाच विचारील ती यादी,
एकदाच, हळू,
उघडली तर माझा फोन वाजेल.
पुढे कोणी येईल त्याच्यासाठी वर टीप टाकली:
"या ओळी काढू नयेत. सेआबाता यांच्या आहेत."

संध्याकाळी मामोथुसीचे रिपोर्ट उघडले.
मास्तरांचा फोन नाही, म्हणजे चाललं असणार.

दगड परत देऊ केला तर घेतला नाही त्यांनी.
खोक्याचं झाकण खडखडायचं,
त्यावर ठेवलाय, आता खडखडत नाही.

काल रात्री दोनला फोन वाजला.
उठून बसले.
पान उघडलं होतं, कोरं,
वर एवढंच: "यादी लवकरच."

सकाळपासून तीनदा वाचनालयावरून गेले.
न्तातेंना हे सांगायचं की नाही,
ते कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.