निळं टिंब

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी
तात्या मार्केटातून दोन कांदे आणतात, निवडून.
"दुर्बिणीला जून माल चालत न्हाई," म्हणतात.
सूक्ष्मदर्शक हा शब्द
अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडी बसवू शकले नाही.

एकतीस वर्षं त्यांनी तुर्भ्याच्या गाळ्यांवर
याच मालाची पोती उतरवली.
मी त्याचा नखाएवढा पापुद्रा
चिमट्याने सोलते, सॅफ्रानिनचा थेंब सोडते
आणि मुलांना सांगते, बघा,
विटा रचल्यासारखं दिसतंय ना, त्या पेशी.

भिंतीच्या आत पटल. मेदाचं, दुपदरी.
पाणी येतं-जातं, साखर दाराशी अडते.
तिला आत न्यायला एक प्रथिन उभं असतं,
इकडून घेतं, वळतं, तिकडे ठेवतं.
पुस्तकात त्याला वाहक म्हटलंय.
फळ्यावर मी वाहकच लिहिते,
पण खडू हातात असताना मला
डोक्यावर दुमडून घेतलेलं गोणपाट दिसतं.

उताराला माल फुकट जातो, मुलांनो.
चढावर न्यायचा तर वाराई मोजावी लागते.
ती एटीपीत मिळते.
साठवून ठेवता येत नाही.
आत्ता जोडायचा फॉस्फेट, आत्ताच मोडायचा.
मागच्या बाकावरची गायकर हसली.
तिच्या घरी हे रोजचंच असावं.

मे महिन्यात कॉलेजने जुनी यंत्रं मोडीत काढली.
आरसा असलेलं एक मी कोपरखैरण्याला घरी आणलं.
बल्बखाली धरून आरसा फिरवला,
तात्यांच्या गालाच्या आतून काडी फिरवली,
मिथिलीन ब्लू टाकलं.
बराच वेळ डोळा लावून बसले.
"कांद्याला भिंत व्हती. हितं कुठाय?"
आपल्याला नसते, तात्या.
"मग उभं कशावर ऱ्हायाचं?"
आत धागे असतात, म्हटलं.
आणि शेजारचीला धरून असते प्रत्येक जण.
"हां," म्हणाले,
टोळीबद्दल बोलताना म्हणतात तसं.

मग स्वतःच सदऱ्याची कॉलर खाली ओढली.
मानेमागचं ते गाठोडं,
लहानपणी मी ज्यावर गाल टेकून झोपायचे.
ब्लेडने वरचा कोरडा पापुद्रा काढला.
दुखलं नाही त्यांना.
दुखत नाहीच तिथे.

चपट्या, एकावर एक, रिकाम्या.
या खालच्या थरात जन्मतात, मी सांगू लागले,
वर सरकताना एकेक सोडत येतात,
पाणी, तंतुकणिका, शेवटी केंद्रकसुद्धा.
केराटिन तेवढं भरून राहतं. चिवट प्रथिन आहे ते.
"म्हंजी ह्या मेलेल्या."
हो.
"आन् वझं ह्यांनीच उचललं."

मी कुकरकडे पाहिलं. शिट्टी झाली नव्हती.

तात्यांनी डोळा काढला नाही.
स्लाइड बोटाने तसूभर सरकवली,
आरसा स्वतःच फिरवला, जसं काही
आयुष्यभर हेच केलंय.
"ह्यो एक ऱ्हायलाय बघ. मधी निळं टिंब हाय."

मी वाकले.
रंगाचा कण होता बहुतेक,
बाटली जुनी आहे, साका धरते.
"आहे," म्हटलं.