उभी लाट

नऊ वर्षांनी मालदीवच्या हॉटेलातनं सुटून आला वर्धमान,
तेव्हा एसटीच्या टपावर एक फळी होती,
शेपटाला तुटलेली, कुणा गोऱ्यानं टाकून दिलेली.
बोरगावच्या स्टँडवर हमाल म्हणाला,
इस्त्रीचा टेबल काय हो?

आषाढ सरत आलेला. कोयनेचं पाणी सोडलेलं.
बहेच्या बेटाला कृष्णा दोन्ही अंगांनी घासून चाललेली
आणि बंधाऱ्याखाली ती,
एकच लाट, सकाळपासनं तिथंच,
दावणीला बांधल्यासारखी.

"समुद्रात लाट पळती," तो म्हणाला,
"पाणी जागच्या जागी. हितं उलटं."
अंबीमामांनी त्याच्या कमरेला कासरा बांधला,
दुसरं टोक बाभळीला.
"उलटं का सुलटं, वर आल्यावर सांग."

सात वेळा पडला. नाकातोंडात गाळ.
एकदा हाताला नारळ लागला,
एकदा कुणाची तरी चप्पल.
आठव्यांदा उभा राहिला,
गुडघ्यात वाकून, उसात दारं धरताना राहतात तसा,
आणि अख्खी नदी त्याच्या पायाखालनं
सांगलीकडं निघून गेली.
तो होता तिथंच.

मी मोजत होते. अकरापर्यंत आले.
तिकडं नऊ वर्षं ताटं विसळली त्यानं,
लाटा मोरीच्या खिडकीतनं बघितल्या.
हे त्यानं नाही, नंतर मामांनी सांगितलं.

फळी आता गोठ्याच्या पत्र्यावर आहे,
गळत होतं तिथं बरोबर बसली.
पावसाळा संपेस्तोवर हलवायची नाही, आईची ताकीद.
तो काही बोलत नाही.
फक्त रोज चहाच्या आधी विचारतो,
आज किती क्युसेक सोडलं?